हॉबला उतरवणारी शिडी

मित्रांनो, गोठ्यामागे गवतात पडलेली ही जुनी शिडी म्हणजे मी. लिडल नदीकाठी आर्ची सुताराने मला घडवले. माझी एकेक पायरी त्याने तिच्यावर स्वतः उभे राहून तपासली. घरे शाकारताना माझ्यावर चढत. आमच्या मुलखात छपरे वरचेवर जळत. कधी इंग्लंडचे स्वार सीमा ओलांडून लुटायला-जाळायला येत, कधी आमचे स्कॉटलंडचे स्वार तिकडे जात. मला उसंत कशी ती ठाऊक नव्हती.

एका हिवाळ्यात माझी मालकीण मरियन हिचा धाकटा भाऊ हॉब पलीकडच्यांच्या हाती सापडला. गुरे पळवली दुसऱ्याने, फाशी ठरली हॉबला. फाशीच्या आदल्या दुपारी तुरुंगाच्या बुरुजामागे, माळावर, दोन गावांचा चेंडूचा सामना होता. पहारेकरीही तिकडेच धावले. धुके दाट होते. मरियन आणि तिचा दीर सिम मला खांद्यावर घेऊन नदीपार गेले.

माळावर आरोळी उठली की सिम माझ्यावर उभा राहून खिडकीला पहार लावी. अखेर गज निघाला. सिम खाली आला. हॉब खिडकीत दिसला, पण उतरेना.

"ताई, आत म्हातारा वॉट आहे. त्याला चालवत नाही. त्यालाही उद्याच लटकवणार."

"कोण वॉट? आपल्या गायी नेणारा?"

"तोच."

"अरे, त्या चोरासाठी जीव घालवतोस?"

"त्याला इथं टाकून गेलो, तर घास उतरेल का गं आपल्याला?"

मरियनने माझे दांडे घट्ट धरले. मग म्हणाली, "आण मेल्याला!"

वॉटला पाठीवर घेऊन हॉब उतरू लागला. दोघांच्या भाराने माझी मधली पायरी कडाडून मोडली. पण माझे दोन्ही दांडे तगले. मग मला आडवे करून त्यांनी वॉटला माझ्यावर बांधले.

"जिवंतपणी तिरडीवर घातलंत रे!" म्हातारा कुरकुरला.

"गप पड, नाहीतर खरंच घालीन," मरियन म्हणाली.

मागे पहारेकऱ्यांचे इशाऱ्याचे शिंग वाजले. कमरेएवढ्या गार पाण्यातून त्यांनी मला डोक्यावर तोलून पलीकडे नेले. त्या दिवशी मी कुणाला छपरावर चढवले नाही, पण दोन जीव घरी आणले.

वॉट पुढे मरियनच्याच चुलीपाशी ओटची पेज पीत राहिला. लोक मला बघायला येत, माझ्यावरून हात फिरवत. पुढे छपरांवर दगडी फरशा आल्या आणि मी अडगळ झाले. आता माझ्यावर शेवाळ चढले आहे.

मित्रांनो, मला मानपान नको. पण पावसात पडलेली शिडी दिसली, तर तिला आडोशाला घ्या. कुणाला खाली उतरवायची वेळ काही सांगून येत नाही.