‘उल्का’चं तिकीट

“इमानाचं नाव काय म्हनलात?” रुक्मिणीबाईंनी पुन्हा विचारलं.

“उल्का,” अजीज शेख नाइलाजानं म्हणाला.

“म्हंजे आभाळातून जळत खाली पडती, ती?”

अजीजनं कपाळ चोळलं. चिंचवड स्टेशनजवळच्या आपल्या बुकिंगच्या दुकानात त्यानं उभी हयात बसची तिकिटं विकली होती. पुणे-नांदेड विमान सुरू झालं तेव्हा मोठ्या हौसेनं त्यानं एजन्सी घेतली. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत नांदेडकडची एवढी माणसं. विमान भरून जाईल, असा त्याचा हिशेब होता. पण विमान कंपनीच्या मालकानं तिला आपल्या मुलीचं, उल्काचं, नाव दिलं होतं. गिऱ्हाईक भाडं ऐकून खूश व्हायचं आणि नाव ऐकून उठायचं. कंपनीच्या शेखरसाहेबांना अजीजनं किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, “अजीजभाई, लोक भाडं बघतात, नाव नाही.”

“साहेब, एक दिवस माझ्या खुर्चीत येऊन बसा,” अजीज चिडून म्हणायचा.

आज समोर रुक्मिणीबाई आणि त्यांचा मुलगा ज्योतीराम बसले होते. नांदेडला रुक्मिणीबाईंची आई अतिदक्षता विभागात होती. भावाचा, सोपानचा, दुपारीच फोन आला होता, असशील तशी निघ म्हणून.

“आई, तासाभरात पोचतो आपण,” ज्योतीराम म्हणाला.

“अन् काय झालं म्हंजे? घरी सून पोटुशी हाय. माझ्या ह्या लेकराला अशा नावाच्या इमानात बसवू मी?”

“मावशी, नावानं विमान पडत नसतं!” अजीजचा आवाज चढला. “तिकडं तुमची आई वाट बघतेय आणि तुम्ही इथं नाव काय धरून बसलात?”

रुक्मिणीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, “बसचंच द्या.”

अजीजनं स्लीपरची दोन तिकिटं काढली आणि त्यांच्याकडे न बघताच पुढे सरकवली.

संध्याकाळचं विमान निम्म्याहून अधिक रिकामं गेलं आणि वेळेवर उतरलं. बस सकाळी नांदेडला पोचली. म्हातारी पहाटेच गेली होती. हे अजीजला ज्योतीरामकडून फोनवर कळलं. “तुम्ही सांगत होतात, भाऊ,” एवढंच तो म्हणाला. आपण ओरडलो नसतो, नीट समजावलं असतं तर, असं अजीजला वाटत राहिलं. मग पुन्हा त्या नावाचाच राग आला.

सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून रुक्मिणीबाई अंत्यविधी उरकून मुलाबरोबर परत आल्या. तेराव्याच्या आदल्या दिवशी त्या दुकानात आल्या. एकट्याच.

“त्या इमानाचं उद्याचं तिकीट द्या. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते.”

“उल्काचं?” अजीजला खरं वाटेना.

“हाव. मी एकलीच हाय. माझं काय, पडलं तर पडलं.”

“मावशी, सोमवारपासून ते विमान बंद झालं,” अजीज हळूच म्हणाला. “माणसंच बसेनात.”

“दुसरं कुठलं?”

“उद्याच्या वेळेला नाही. बसचं देऊ?”

“बसनं दोन राती जात्यात. सून कधी बाळंत हुईल, काय सांगावं? ज्योतीरामची शिफ्ट असती.” त्या खुर्चीत बसल्या. दुसरं गिऱ्हाईक दारात आलं, अजीजनं त्याला हातानंच थांबवलं.

मग त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि भावाचा नंबर लावून द्यायला सांगितला. अजीजनं लावून दिला. बाहेरच्या रिक्षांच्या गोंगाटात त्यांना ऐकू येईना, म्हणून त्यानं उठून दुकानाचं काचेचं दार लोटलं.

“सोपाना, मला न्हाई जमत रे यायला,” त्या मोठ्यानं बोलत होत्या. “तुमीच करून घ्या सगळं. अन् आईच्या पानावर जवसाची चटणी वाढ. तिला लई लागायची. इसरू नको.”

पलीकडून सोपाननं चटणीचं काहीतरी विचारलं.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “जाडसर नको ठेवू. दात नव्हते तिला.”