उरलेला घोट

१९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. ऐन उन्हाळ्यात गिरणीमागच्या वस्तीत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली. म्युनिसिपालटीची माणसं येऊन विहिरीत लाल औषध टाकून गेली, तर निम्म्या बायका म्हणाल्या, ‘विहीर बाटवली!’ आणि तळ्याचं गढूळ पाणी भरायला लागल्या. आता काय बोलावं! औषधाला भ्यायचं आणि गढूळ पाण्याला नाही.

जोतीराम मात्र सगळ्यालाच भ्यायचा. तो गिरणीत सूतखात्यात होता, अंगानं पैलवान, पण पटकीचं नाव निघालं की बसल्या जागेवरून उठून जायचा. त्याला कारणही तसंच होतं. लहानपणी त्याचे दोन भाऊ सकाळी विटीदांडू खेळत होते आणि दिवस मावळायच्या आत दोघांना मातीत ठेवून बाप घरी आला होता. आता जोतीरामच्या घरात सव्वा वर्षाची मार्था होती. पाणी तो स्वतः उकळायचा, आणि राखेनं हात घासायला बसला की उठायचंच नाव नको.

“हात धुताय का सोलताय?” त्याची बायको गोजरबाई म्हणायची.

साथ जावी म्हणून शेजारच्या आळीनं मरीआईचा गाडा वेशीबाहेर काढला त्या दिवशी हा कोपऱ्यावर उभा होता. ख्रिस्ती माणूस, त्यातून चर्चच्या मंडळीतला वडील. हात काही त्यानं जोडले नाहीत. पण गाडा दिसेनासा होईपर्यंत तिथून हललाही नाही.

मंडळीतला वडील म्हणजे नुसता मान नव्हे, काम असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं. पाळकबाबा प्रार्थना करून भाकर मोडायचे आणि मनुकांच्या रसानं भरलेला पेला जोतीरामच्या हातात द्यायचे. सगळ्या मंडळीला मिळून तो एकच पेला. जोतीरामनं तो ओळीनं एकेकाला द्यायचा, प्रत्येकानं घोट घ्यायचा, आणि शेवटी जे उरेल ते वडिलानं पिऊन संपवायचं. देवाच्या मेजावरचं सांडायचं नाही, टाकायचं नाही, असा नेम होता.

आणि त्या खेपेच्या प्रभुभोजनाआधी नेमका सिद्धाप्पा गेला. सिद्धाप्पा आणि अक्कम्मा हे अक्कलकोटाकडून आलेलं जोडपं, वर्षापूर्वीच बाप्तिस्मा घेतलेलं. सिद्धाप्पाला पटकीनं एका दिवसात उचललं. म्युनिसिपालटीनं अंथरूण-पांघरूण जाळलं, खोलीला चुना मारला, आणि मागं राहिली एकटी अक्कम्मा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि जोतीरामला सांगितलं, “बारा दिवस झाले, बाई ठणठणीत आहे. हिच्यापासून कुणाला काही व्हायचं नाही. पेला उकळत्या पाण्यातून काढा आणि खुशाल द्या.”

जोतीरामच्या डोक्याला ते पटलं. पण भीती कुठं डोक्यात असते!

त्यानं हिशेब मांडला. अक्कम्मा बायकांच्या रांगेत शेवटी बसणार. म्हणजे तिच्यामागून पेल्याला तोंड लावणारा या जगात एकच माणूस, जोतीराम. शनिवारी संध्याकाळी तो पाळकबाबांकडं गेला.

“बाबा, मंडळी भ्यालीया. अक्कम्माला उद्या येगळा पेला ठिवू. कुणाचा जीव टांगणीला नगं.”

“मंडळी भ्यालीय, का तू?”

“मंडळीच की.”

म्हातारा म्हणाला, “पेला तुझ्या हातात असतो, जोतीराम. काय करायचं ते तूच ठरव.”

घरी गोजरबाई उद्यासाठी मनुका उकळत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंडळीतलं कोण कोण भ्यालंय? नावं तरी सांगा की.”

नाव एकच होतं. ते सांगण्यापेक्षा तो मार्थाला घेऊन बाहेर गेला.

रविवारी देवळात सतरंजीवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका अशी मंडळी बसली. जोतीरामनं घरचा जर्मन धातूचा लहान पेला कोटाच्या खिशातून आणला होता. त्यानं पुरुषांची रांग संपवली, बायकांची रांग धरली. गोजरबाईनं घोट घेतला, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. होता होता तो शेवटाला पोचला. अक्कम्माच्या आणि तिच्या अलीकडच्या बाईच्या मधे हातभर जागा मोकळी होती.

त्यानं तो लहान पेला अक्कम्मापुढं सतरंजीवर ठेवला आणि त्यात रस ओतायला हात पुढं केला. शिवायला नको म्हणून हात आपोआप वर गेला, चांगला वीतभर वर.

अक्कम्मानं त्या पेल्याकडं पाहिलं. मग वरच्या हाताकडं पाहिलं. तिनं तो पेला हळूच बाजूला सरकवला, मान खाली घातली आणि हनुवटीखाली ओंजळ धरली.

चेहऱ्यावर ना राग, ना रुसवा. हितंबी असंच प्यायचं असतंय होय, बरं, एवढंच होतं त्या चेहऱ्यावर.

जोतीरामनं ती ओंजळ ओळखली. बाविसाव्या वर्षापर्यंत तोही असाच प्यायला होता. हॉटेलाबाहेर उकिडवं बसायचं, मालकानं वरून ओतायचं, कोपरापर्यंत ओघळ यायचा. मालकाचा चेहरा त्याला कधी नीट दिसला नव्हता. दिसायचा तो वरचा हात. आणि याच देवळात बाप्तिस्म्याच्या दिवशी कुणीतरी पेला सरळ त्याच्या हातात दिला, तेव्हा एवढा बाप्या माणूस लहान पोरासारखा रडला होता. आज वरचा हात त्याचा होता. अरे देवा, काय केलं मी हे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी वाटली.

तो खाली गुडघ्यांवर बसला. मंडळीचाच पेला त्यानं अक्कम्मापुढं धरला.

“अक्का, धरा.”

“बेड, अण्णा, बेड,” ती कुजबुजली. “नको मला.”

“धरा म्हणतो न्हवं का!”

तिनं तो दोन्ही हातांत घेतला आणि एक घोट प्यायली. आता तळाशी दोन-तीन घोट राहिले होते. तिनं पेला परत दिला नाही, छातीशी धरून ठेवला आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “उरलेलं मीच संपवते. तुमच्या घरात लेकरू हाय. भ्या काय असतंय, मला म्हाईत हाय की, अण्णा.”

त्यानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. नेम मोडलेला कुणाला कळला नसता, ती वाईट मानणार नव्हती, आणि तो सुटला असता. एवढी सोपी सुटका त्याला आयुष्यात कुणी दिली नव्हती. त्याला मार्था दिसली, मातीत ठेवलेले दोघं भाऊ दिसले, आणि पाठ केलेल्या साऱ्या प्रार्थना एका झटक्यात पळाल्या. उरलं ते एवढंच: देवा, मी भ्यालोय. लई भ्यालोय. तू माझ्यासंगं ऱ्हा.

भीती पळून गेली असं कुणी सांगेल तर ते खोटं आहे. ती होती तिथंच होती. पण आपण तिच्यापाशी एकटे नाही, एवढं त्याला पक्कं कळलं, आणि तेवढ्यावर हात पुढं झाला.

“नेम हाय, अक्का. द्या हिकडं.”

त्यानं पेला घेतला, जिथं तिनं ओठ लावले होते तिथंच लावले, आणि सगळ्या मंडळीदेखत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. पेला दातांवर वाजला.

पाळकबाबांनी शेवटचं गीत धरलं. पहिलं कडवंही पुरतं झालं नसेल, तोच गोजरबाई मार्थाला कडेवर घेऊन उठली. सगळी रांग ओलांडून ती त्या हातभर मोकळ्या जागेत जाऊन बसली आणि तिनं अक्कम्माच्या गळ्यात हात टाकला.

मयताच्या घरी बायांनी जायचं, गळ्यात पडून रडायचं, ही आपल्याकडची रीत. सिद्धाप्पा गेल्यापासून त्या उंबऱ्यात एकही बाई गेली नव्हती, आणि एकटीनं रडायचं तरी कुणापाशी? अक्कम्मानं आधी मार्थाच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिला एकदम हुंदका आला, आणि नवऱ्याचं नाव घेत घेत, कानडीतून, ती मोठ्यानं रडायला लागली.

पाळकबाबांनी पुस्तक मिटलं. गीत तिथंच थांबलं. बारा दिवसांचं रडणं होतं. जागचं कुणी उठलं नाही.