दर रविवारी सुरू होणारी गाडी

मित्रांनो, एखाद्या घराच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली, मळकं कापड पांघरून उभी असलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. तशीच मी एक. जुनी, फिकट निळी, चार दारांची. माझं मागचं उजवं दार आतून उघडत नाही. बाकी मी बरी आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्रा वाकवणारे, रंग फवारणारे, काचा बसवणारे असे कितीतरी हात मला लागले, पण त्यांतला एकही चेहरा आता आठवत नाही. शेवटी एका बाईने माझ्या टपावरून फडकं फिरवलं आणि "झाली ही" असं म्हणून ती पुढच्या गाडीकडे वळली. एवढंच माझं कौतुक झालं.

खरं कौतुक झालं ते चष्मेवाल्यांच्या घरी. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. ज्या म्हाताऱ्या माणसांना दुकानापर्यंत येववत नसे, त्यांच्या घरी जाऊन ते डोळे तपासत. काचांची चपटी लाकडी पेटी माझ्या मागच्या सीटवर असायची. काचा किणकिणू नयेत म्हणून ते मला खड्ड्यांतून इतक्या हळू नेत, की सायकलवाले मागून घंटी वाजवत पुढे निघून जायचे. "वरात निघाली वाटतं!" असं कुणी ओरडलं तरी ते हसून हात हलवत. मला त्या हळू चालण्याचा अभिमान वाटायचा.

सकाळी मला जागं करायला चोक ओढावा लागतो. चोक म्हणजे स्टिअरिंगजवळची एक लहानशी दांडी. ती ओढली की थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. इंजिन तापलं की ती आत ढकलायची असते. चष्मेवाल्यांची बायको फाटक उघडून बाजूला उभी राही. ते चोक ओढत, किल्ली फिरवत, आम्ही बाहेर पडत असू. ती फाटक लावून घरात वळे. चोक आत ढकलला जाई तो पुढे, धोब्याच्या दुकानापाशी. ते तिने कधीच पाहिलं नाही.

मग एके दिवशी चष्मेवाले गेले. घरात माणसं आली, गेली. त्यांची बायको रडली नाही. नातेवाईक त्यावरून कुजबुजले. ती सगळ्यांना चहा देत राहिली आणि कपबशा विसळत राहिली. मलाही काही वाटलं नाही. बंद गाडीला फारसं काही वाटत नाही, मित्रांनो. धूळ बसते, टायर खाली बसतात, एवढंच कळतं.

पण रविवारी सकाळी ती यायची. कापड अर्धं बाजूला करायची, चष्मेवाल्यांच्या जागी बसायची, चोक ओढायची आणि किल्ली फिरवायची. मी सुरू झाले की हात मांडीवर ठेवून मिनिटभर ऐकायची. मग मला बंद करून कापड नीट करायची. तिला गाडी चालवता येत नव्हती. तिला फक्त तो आवाज हवा होता. पण अशा मिनिटभराच्या सुरू होण्याने माझी बॅटरी उतरत होती, आणि ओढलेल्या चोकमुळे माझ्या आत काजळी साचत होती. मी तिला कसं सांगणार? एका रविवारी मी सुरूच झाले नाही. पुढच्याही नाही. ती किल्ली हातात धरून बसून राहिली.

त्यानंतर तिचा मुलगा आला. त्याने छपराखालची जागा मोकळी करायची ठरवलं होतं आणि भंगारवाल्याला दुपारी बोलावलंही होतं. त्याच्या मागोमाग त्याची आत्या आली, म्हणजे चष्मेवाल्यांची धाकटी बहीण. तिने आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं, त्यामुळे तिचा आवाज नेहमीच चालत्या गाडीत बोलल्यासारखा मोठा.

"भंगारात? अरे, तुला शाळेत कुणी सोडलं? विमानाने जात होतास?"

"आत्या, ती सुरू होत नाही. बंद गाडी ठेवून करू काय?"

"सुरू झाली तर मी घेऊन जाते. नाही झाली तर तुझा भंगारवाला आणि तू. काय गं वहिनी?"

वहिनी पायरीवर बसून राहिली.

मुलाने किल्ली फिरवली. माझ्यातून नुसतं टक् झालं. दिवे मिणमिणले. आत्याने बॅटरीवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुतला, तारा घट्ट केल्या. तरी टक्. मग शेजाऱ्याची गाडी आणून, त्याच्या केबलने माझी बॅटरी तिच्या बॅटरीला जोडली. आता इंजिन फिरू लागलं, पण पेट घेईना.

"पेट्रोल येत नसेल," मुलगा म्हणाला. त्याने मोबाइलवर बघून बघून माझी नळी उघडली. पेट्रोल येत होतं, ते थेट त्याच्या बाहीवर आलं.

"आलं की नाही?" आत्या म्हणाली. "आता काडी ओढू नकोस म्हणजे झालं."

तिचाही अंदाज चुकला. उंदरांनी वायर कुरतडली असेल म्हणून तिने सगळ्या वायरी चाचपल्या. सगळ्या धड होत्या. भंगारवाल्याचा फोन आला, तो निघाला होता. तेव्हा कुठे आत्याने माझे प्लग काढले. प्लगची ठिणगी पडते तेव्हाच पेट्रोल पेटतं. माझे प्लग काजळासारखे काळे होते.

"हे बघ. नुसत्या उभ्या गाडीचे प्लग असे होत नाहीत. कुणीतरी चोक ओढून ही सुरू करतंय आणि तशीच बंद करतंय."

मुलाचा चेहरा बदलला. "शेजारीच असणार! केबल कशी तयार होती बघितलंस? विचारतोच त्याला." तो तरातरा फाटकाकडे निघाला.

"थांब," पायरीवरून ती म्हणाली. "मी करते."

"तू काय करतेस, आई?"

"सुरू. रविवारी."

आत्याने हळू आवाजात विचारलं, "आणि चोक?"

"ओढते. हे ओढायचे तसा."

"आत कधी ढकलायचीस?"

"आत ढकलतात?"

आत्या हसली नाही. तिने प्लग वहिनीकडे नेले, पॉलिश पेपरचा तुकडा तिच्या हातात दिला. "घास मग. तूच घास."

तिने प्लग घासले, आत्याने बसवले. ताजं पेट्रोल घातलं. मी खोकले, काळा धूर टाकला, पुन्हा खोकले आणि सुरू झाले. भंगारवाला तोवर फाटकाशी आला होता. मुलाने त्याला हात जोडून परत पाठवलं.

"चल, बस," आत्या म्हणाली. "एक चक्कर मारू."

"नको, वन्सं. तुम्ही घेऊन जा हिला. रोज चालवा." थोडा वेळ ती माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. माझ्या थरथरीने तिच्या बांगड्या हलत होत्या. मग ती फाटक उघडायला गेली.

आम्ही बाहेर पडलो. या वेळी फाटक लावून ती घरात वळली नाही. माझा आवाज येतोय तोवर ऐकत ती तिथेच उभी राहिली असावी. आत्याने रस्त्याच्या वळणावर मला मुद्दाम जरा हळू घेतलं.

आता मी आत्याकडे असते. भाजी आणते, तिच्या मैत्रिणींना दवाखान्यात नेते. माझा आवाज पूर्वीसारखा आहे की नाही, ते सांगणारं इथे कुणी नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला झाकून जपू नका. तिला नुसती सुरू करून बघू नका. तिला रस्त्यावर न्या, तापू द्या, दमवा. आणि घरातलं कुणी गुपचूप तिच्यात जाऊन बसत असेल, तर त्याला रागावू नका. त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसा.