थोरलीचं नाव

शिक्क्याच्या कडेला जुन्या लाल शाईची खपली... नखानं खरवडली तरी निघेना. खाली बोटाएवढ्या लाकडावर उलटं कोरलेलं तिचं नाव, ओकबुन. सहीच्या जागी उठणाऱ्या ह्या लाकडानं तिचं लग्न लावलं, नवऱ्याला पुरलं, आणि आज त्यानंच लिहून द्यायचं होतं की आईचा श्वास अडकला तर यंत्र लावू नका. कागद मांडीवर होता, भोपळ्याच्या पेजेचा डबा त्यावर. घाई नाही आजी, नर्स म्हणाली होती, पण दुपारपर्यंत द्या.

नाव तिचं नव्हतंच. पहिली ओकबुन गोवरानं गेली, तीन वर्षांची. मेल्याची नोंद करायची कचेरी दोन डोंगर पलीकडे, बाप काही गेला नाही, आणि वर्षाच्या आत ही झाली तेव्हा त्यानं डोकं चालवलं—कागदावर एक ओकबुन आहे, घरात एक मुलगी आहे, मग तंगडतोड कशाला? म्हणजे मी जन्मले तीच चार वर्षांची. आईच्या पाठीवरून उतरले ती थेट शाळेच्या बाकावर, दुधाचे दात पडायच्या आत तिसरीत... साठ वर्षं ही गोष्ट सांगून तिनं लोकांना हसवलं, मधूनच एखादा डोंगर वाढवून. आता सात झालेत.

आपलं स्वतःचं नाव काय, हे आईला विचारलं मात्र कधीच नाही. आई तिला नावानं हाक मारत नसे. पोरी म्हणे, पुढे मुलगा झाल्यावर तेसोकची आई. पण त्या आधी, पाठीवर बांधलेली असताना, काहीतरी म्हणत असेलच की—काहीतरी, फक्त माझं. आज नाही कळलं तर मग कुणाकडून...

समोरच्या खाटेवरची म्हातारीही ओकबुनच. खोलीत कुणीही ते नाव घेतलं की आधी तीच ओ द्यायची. मघाशी सगळं ऐकून म्हणाली होती, "एका नावात दोघी बहिणी राहिलात की. मला एकटीला पुरलं नाही."

आईनं डोळे उघडले.

"ओकबुन."

लेकीच्या हातातला चमचा पेजेत बुडाला. "आले गं आई. इथंच आहे."

आईनं तिच्याकडे पाहिलं—पुरतं ओळखून, मायेनं. "तू नाही गं पोरी. थोरलीला हाक मारतेय. केव्हाची थंडीत बाहेर आहे."

"आणि मला? मला काय म्हणायचीस, आधी?"

आई आठवत राहिली. आठवता आठवता कपाळावर आठी आली, झाकण घालायचं राहिलेलं भांडं आठवावं तशी. "तुझं ठेवायचं राहूनच गेलं."

आणि पुन्हा दाराकडे, "ओकबुन."

समोरच्या म्हातारीनं ह्या खेपेला तोंड उघडलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "ओ"—बारीक, बोबडं, थंडीनं काकडलेलं—आणि आईचा चेहरा सैल झाला. घशात अजून थरथर होती, म्हणजे बोललो आपणच... पण ती ओ आपली नव्हती. मुठीत शिक्का रुतत होता. शिक्का थोरलीचा; तीन वर्षांच्या पोरीनं आईचं हे कसं लिहून द्यायचं? आणि मी—मी तर अजून बिननावाची...