बिशपला लिहिता येत नाही

बिशप हे माझ्या कुत्र्याचं नाव. माझ्या नवऱ्यानं, अँटननं ठेवलेलं. काळाकुट्ट, अवाढव्य, आणि कुणी काहीही सांगितलं तरी डोळे अर्धे मिटून शांतपणे ऐकून घेणारा. आमच्या फादरना आधी राग आला होता, मग कुत्रा बघितल्यावर हसू आलं.

अँटन गेल्यापासून रोज एक माळ जपायची आणि शुक्रवारी मांस खायचं नाही, असा माझा नेम आहे. गुरुवारी बिशपला शाळेत न्यायचं, हाही आता नेमच झाला आहे. ज्या मुलांसमोर अक्षरं स्थिर उभी राहत नाहीत, ती मुलं ग्रंथालयामागच्या छोट्या खोलीत त्याला वाचून दाखवतात. कुत्रा चूक काढत नाही, हसत नाही, घड्याळाकडे बघत नाही. एवढीच त्यातली विद्या. सोबत मोठं माणूस हवं असा शाळेचा नियम, म्हणून मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसते.

सेन्या किन्नुनेन चौथीत होती. ऑक्टोबरात पहिल्यांदा आली, तेव्हा दारातच थांबली.

"हा चावतो?"

"नाही गं. झोपतो."

"माझं चुकलं तर?"

"त्याला कळणार नाही. दोन वर्षं झाली, ठार बहिरा झालाय तो."

हे ऐकून ती एक पाऊल आत आली. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आणि तुम्ही, मिस थिया? तुम्ही कुठं बहिऱ्या आहात?"

मी खिशातली माळ काढून दाखवली. "माझे कान इकडे असतात. मी जप करते."

"म्हणजे ऐकणार नाही?"

"नाही."

"शब्द?"

"शब्द."

तिचं घर ल्युथेरन, तिथं जपमाळ नसते. माळ तिनं हातात घेऊन उलटसुलट करून बघितली, वास घेतला, परत दिली. "जपताना ओठ हलतात ना? मग हलवत राहा. ओठ थांबले की मी पण थांबणार."

असा आमचा करार झाला.

ती निवडायची ते पुस्तक एकच: आमच्या समुद्राएवढ्या सरोवरात बुडालेल्या जहाजांचं. जाडजूड, मोठ्या माणसांसाठी लिहिलेलं. तिच्या वर्गातल्या सोप्या पुस्तकांना ती हातही लावायची नाही. "त्यात एक मांजर टोपीत बसतं आणि संपतं. त्याला काय गोष्ट म्हणायची?" बिशपच्या पोटाला टेकून, बोट ओळीखाली सरकवत ती वाचायची. मी खरंच ऐकत नव्हते. नमो मारिया म्हणत होते. पण आवाजाची चाल कानावर यायचीच. ऑक्टोबरात तो दगडांवरून चालल्यासारखा होता, ठेचकाळत, थांबत. ख्रिसमसच्या सुट्टीनंतर कधीतरी तो सलग वाहायला लागला. एकदा तर घंटा झाली तरी ती उठेना. "थांबा ना, अजून कप्तान बोटीवरच आहे!"

पोरीला वाचायची गोडी लागली होती. हे मी कुणाला सांगायला नको होतं. मी ब्रेंडाला सांगितलं.

ब्रेंडा टर्नक्विस्ट शाळेत वाचनाचे खास तास घेते. वीस वर्षं ती आणि मी चर्चमध्ये एकाच बाकापाशी उभ्या राहून गातो.

"अगं थिया, माझ्यापुढे ती तोंडच उघडत नाही," ती म्हणाली. "तीनदा चाचणीला बसवली, तीनदा भोपळा. मार्चमध्ये बैठक आहे. कागदावर काही दाखवता आलं नाही, तर हिचा खास तास काढून घेतील आणि हिला तिसरीत परत बसवतील."

"पण ती वाचते."

"मग तू खुणा कर. सोपं आहे. बरोबर शब्दाला बरोबरची खूण. चुकला की ती काय म्हणाली ते वर लिहायचं. मध्येच कुत्र्याशी बोलते ना, तेही लिही. गोष्ट समजली की नाही, ते त्यातूनच कळतं."

"मी तिला शब्द दिलाय गं."

"तिच्या भल्यासाठीच करतेयस ना? मारियामाता काही तुझ्यावर रागवायची नाही. आणि कागद माझ्या खणातून बाहेर येणार नाहीत. बैठकीत फक्त बेरीज दाखवीन. बस?"

मी हो म्हटलं. माझी मान कुणापुढेही पटकन हलते, हा माझा जुना दोष.

पुढचे सहा गुरुवार मी मांडीवर विणकाम, त्याखाली पाटी, पाटीवर कागद अशी बसले. माळ खिशातच राहिली. आणि ओठ? ओठ मी हलवत राहिले. नुसतेच. एक शब्दही नाही. दर दोनतीन ओळींनी ती मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायची, आणि निश्चिंत होऊन पुढे वाचायची. राहिलेला जप मी नंतर गाडीत बसून पुरा करत होते. नेम मोडला नाही, असं स्वतःला समजावत होते.

सहाव्या गुरुवारी एक बोट पूर्ण बुडाल्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि बिशपच्या बहिऱ्या कानाशी तोंड नेलं.

"बिशप, एक सांगू? आईला वाचता येत नाही. दुकानातल्या चिठ्ठ्यापण नाही. तिला वाटतं मला माहीत नाही. मी नीट शिकले ना, की तिला हळूच शिकवणार आहे. कुणाला बोलू नकोस हं."

तिची आई कारीना गावातल्या पास्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंजीच्या, दुकानात भटारखान्यात असते. दर शुक्रवारी माझी बिनमांसाची पास्टी ती आठवणीनं वेगळी भाजते. बाकीच्या पास्ट्यांवर आत काय आहे त्याचं कणकेचं अक्षर चिकटवलेलं असतं, माझ्यावर मात्र काट्याचे तीन टोचे. का, ते मला त्या क्षणी कळलं.

आणि हात लिहीत होता. सहा आठवड्यांची सवय लागली होती त्याला. तिचं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरलं. खोडावं असं मनात आलंही. तेवढ्यात घंटा झाली, दारात ब्रेंडा हात पुढे करून उभी.

बैठक मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी होती. लांब टेबल, मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, ब्रेंडा, मी, आणि समोर कारीना, केसांना पीठ लागलेलं, तशीच कामावरून आलेली. शेजारी सेन्या. मुलांनाही आता बैठकीला बसवतात.

ब्रेंडानं आकडे सांगितले. चांगलेच होते. मुख्याध्यापक खूश झाले. मग तिनं पिशवीतून कागदांचे गठ्ठे काढले आणि प्रत्येकासमोर एकेक सरकवला. माझ्या अक्षरातले सगळे कागद, प्रती काढून, टाचून.

"आकड्यांपेक्षा हे बोलकं आहे," ती म्हणाली. "शेवटचं पान बघा. मूल किती विचार करतं!"

सगळ्यांनी शेवटचं पान उघडलं. कारीनानंही उघडलं. तिनं कागदावर नजर ठेवली, योग्य तेवढा वेळ थांबली, मान डोलावली. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि डोळे वर करून कारीनाकडे बघितलं. वर्गशिक्षिकेनंही बघितलं. मग दोघं खिडकीबाहेरचा बर्फ बघू लागले.

कारीना मूर्ख नाही. लोक आपल्याकडे बघून नजर चोरतात, हे तिला समजलं. तिनं कागद लेकीपुढे केला आणि हळूच विचारलं, "काय गं लिहिलंय?"

सेन्यानं बोट ओळीखाली ठेवलं. आजवर शाळेत माणसांदेखत तिनं एक ओळ वाचली नव्हती. आता ती वाचत होती, मनातल्या मनात, ओठ हलवत. बोट शेवटच्या वाक्यापर्यंत गेलं, परत पहिल्या वाक्यावर आलं, पुन्हा गेलं. तिचे कान लाल झाले.

"काही नाही," ती आईला म्हणाली. "बोटीचं आहे. बोट बुडाली त्याचं."

मग तिनं कागद पालथा घातला आणि माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बिशपला लिहिता येत नाही," ती म्हणाली. "आणि तुमचे ओठ हलत होते."

तिचा खास तास राहिला. ती तिसरीत परत गेली नाही. ज्यासाठी केलं, ते सगळं मिळालं.

ब्रेंडाला मी गाडीपाशी गाठलं. "खणातून बाहेर येणार नाहीत म्हणाली होतीस."

"अगं, मी ते शेवटचं पान धड वाचलंसुद्धा नव्हतं. कुत्र्याशी बोलतेय एवढंच बघितलं. आता वाईट वाटतंय मला." तिनं माझा दंड धरला. "पण लिहिलंस तर तूच ना, थिया?"

रविवारी मी वेगळ्या बाकापाशी उभी राहिले. ब्रेंडानं मला फसवलं, असं मी मनात घोळवत राही, आणि घोळवेपर्यंत जरा बरं वाटे. पण कागदावरचं अक्षर माझंच होतं.

आठवड्याभरात मुख्याध्यापकांनी कारीनाला फोन करून मोठ्यांच्या वाचनवर्गाची माहिती दिली. चांगल्याच मनानं दिली असणार. शुक्रवारी मी दुकानात गेले. आतून ती स्वतः डबा घेऊन आली. उघडला तर दोन पास्ट्या, दोन्ही गुळगुळीत, टोचे नाहीत.

"यातली माझी कुठली, कारीना?"

"डब्यावर लिहिलंय की पोरीनं," ती म्हणाली. "वाचा. तुम्हाला येतं."

तीन गुरुवार सेन्या आली नाही. बिशप खोलीत दाराकडे तोंड करून पडायचा. जहाजांचं पुस्तक फळीवर होतं. मी त्याला हात लावला नाही.

चौथ्या गुरुवारी ती आली. दप्तर न उतरवता उभी राहिली.

"मी त्याच्यासाठी आलेय," बिशपकडे बोट दाखवून म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

"कळलं."

"हात दाखवा."

मी दोन्ही हात पुढे केले. विणकामाची पिशवी तिनं उलटी केली. लोकर, सुया, एक पेन्सिल. पेन्सिल स्वतःच्या खिशात घातली.

"तुम्ही बाहेर बसायचं."

"नियम आहे बाळा, मोठं माणूस..."

"काचेचं दार आहे ना? बाहेरून दिसतं. बसा बाहेर."

मी खुर्ची उचलून बाहेर नेली. तिनं दार लावलं. क्षणभर काचेतून माझ्या ओठांकडे बघितलं, आणि पडदा खाली ओढला. नियमात ते बसत नव्हतं. मी माळ काढली आणि खरीखुरी जपायला सुरुवात केली. आतून काही येत नव्हतं. ती वाचत होती की नुसतीच त्याच्या पोटावर डोकं ठेवून पडली होती, मला माहीत नाही. माहीत करून घ्यावं असं फार वाटत होतं.

घंटा झाली. ती बाहेर आली, गालावर कुत्र्याचे केस चिकटलेले.

"माळ पुरी झाली?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही. तिसऱ्या फेऱ्यातच अडकले."

"का?"

"ऐकू येतंय का ते बघत होते."

"आलं?"

"नाही."

तिनं कॉरिडॉरकडे बघितलं, लांबवर, पिण्याच्या पाण्याच्या नळापर्यंत.

"पुढच्या गुरुवारी तिथं बसा," ती म्हणाली. "नळाच्या पलीकडे."

पेन्सिल तिनं परत दिली नाही.