सात डब्यांची झाकणं

मित्रांनो, माझ्या डाव्या कोपऱ्याकडे बघून हसू नका. तिथला टवका उडालेला आहे आणि खालचं काळं लोखंड दिसतं, हे मला ठाऊक आहे. मी एक जुना ट्रे आहे. पांढरा, निळ्या काठाचा, एनॅमलचा. माझं वय विचारू नका. एवढंच सांगतो, की माझ्याबरोबर या रुग्णालयात आलेले अकरा ट्रे केव्हाच भंगारात गेले आणि मी अजून नोकरीवर आहे. नोकरी तरी कसली? शिकवण्याची! डॉक्टर होऊ घातलेली मुलं माझ्याभोवती कोंडाळं करून बसतात आणि शिकतात. आता बोला!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्यातून मला ठोकून काढलं, दुधासारख्या दाट लेपात बुडवलं आणि भट्टीत घातलं. काय ती आग! अंगाची नुसती लाही झाली. बाहेर आलो तर काठाला निळा रंग लावून पुन्हा आत. शेवटी तपासणीच्या बाईंनी मला खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला एक डाग नाही हो." त्या वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं खूश होतो.

मग शस्त्रक्रियेच्या खोलीत माझी नेमणूक झाली. चकचकीत कात्र्या, चिमटे, सुया, सगळी मंडळी माझ्या अंगावर रांगेनं झोपायची. माझी ऐट काय सांगू! पण एके दिवशी कुणाच्या तरी घाईत मी ओल्या हातातून निसटलो आणि फरशीवर आपटलो. टवका उडाला. मोठ्या सिस्टरांनी माझ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इथे घाण धरणार. काढा याला." त्यांचं बरोबरच होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

त्यानंतर चार वर्षं मी अडगळीच्या खोलीत, तीन पायांच्या स्टुलाखाली पडून होतो. कधीतरी वॉर्डातल्या मावशी मला बादलीवर झाकण म्हणून ठेवायच्या. कात्र्या आणि चिमट्यांत वावरलेला मी, आणि बादलीवर! पण करता काय?

आणि मग मॅडम आल्या.

मॅडम म्हणजे औषधशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका. उंची बेताची, आवाज मात्र तीन खोल्या ओलांडणारा. त्या आल्या होत्या खुर्ची शोधायला. मी दिसताच खाली बसल्या, पदरानं माझी धूळ पुसली आणि ओरडल्या, "अगं बाई! याच्यावर गोळ्या काय झकास दिसतील!" खुर्ची तिथेच राहिली. मॅडमनी मला स्वतः घासूनपुसून लख्ख केलं आणि वर्गात नेलं.

मॅडमची शिकवण्याची एक तऱ्हा होती. पेशंटनं येताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायची. गोळी डॉक्टरांची असो, दुकानातून आणलेली असो की शेजारणीनं दिलेली असो, काही मागे ठेवायचं नाही. विद्यार्थ्यानं पिशवी माझ्यावर रिकामी करायची आणि प्रत्येक गोळीला पाहुण्यासारखं विचारायचं, "तू कशासाठी आलीस? कधीपासून आहेस? आणि जाणार कधी?" जिला उत्तर देता येणार नाही, तिनं माझ्या टवक्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. ज्या कोपऱ्यानं माझी आधीची नोकरी घालवली, त्याच कोपऱ्यामुळे आता माझी कदर व्हायला लागली. मुलं म्हणायची, "मॅडम, ही गोळी टवक्यात!" आणि वर्ग हसायचा.

त्या वर्षीच्या मुलांत एक मुलगी होती. तिचं नाव पडलं होतं फटाफट. हुशार इतकी, की पेशंटनं तोंड उघडायच्या आत तिचं पेन चालायला लागायचं. सगळ्या औषधांची नावं, मात्रा तिला तोंडपाठ. मॅडम म्हणायच्या, "तुझं डोकं गाडीसारखं पळतं गं, फक्त ब्रेक बसवायचे राहिलेत." फटाफट हसायची आणि आणखी जोरात लिहायची.

एका सकाळी वर्गात एक आजोबा आले. घड्याळं दुरुस्त करणारे. बरोबर त्यांची सून, हातात कापडी पिशवी. आजोबांचा चेहरा थिजल्यासारखा, पावलं आखूड. त्यांनी बसताना आधारासाठी माझ्या काठावर हात ठेवला आणि मी टेबलावर खडखडखड वाजायला लागलो. हात इतका थरथरत होता. आजोबांनी ओशाळून हात मांडीवर घेतला.

"बाबा, असू दे," सून हळूच म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "पन्नास वर्षं घड्याळं उघडलीत हो यांनी. आता शर्टाचं बटण लागत नाही. महिनाअखेर दुकान बंद करतोय. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला जागा द्यायचं ठरलंय."

"वय झालं," आजोबा म्हणाले. "माझ्याच घड्याळाची कमान सैल झाली, त्याला कोण काय करणार?"

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. एकदा टाकाऊ ठरल्यावर कसं वाटतं, ते मला कुणी शिकवायला नको.

फटाफटनं पिशवी उघडली. आत सात छोट्या गोल डब्या, घड्याळाचे सुटे भाग ठेवतात तसल्या. आजोबा गोळ्या त्यांतच ठेवायचे. "किती वेळा सांगितलं, ही जुनी डबडी टाकून द्या म्हणून," सून म्हणाली. फटाफटनं भराभर झाकणं काढून डब्यांसकट पिशवीत टाकली, गोळ्या माझ्यावर ओतल्या आणि पिशवीतल्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांशी ताडून आजारांप्रमाणे सात ढीग केले. रक्तदाबाची. साखरेची. लघवी होण्याची. चक्करेची. थरथरीची. पोट साफ होण्याची. आणि एक ताकदीची.

चार मिनिटांत तिची चिठ्ठी तयार. थरथर थांबत नाही म्हणून थरथरीच्या गोळीची मात्रा दुप्पट, आणि झोप नीट लागत नाही म्हणतात तर झोपेची एक नवी.

"छान अक्षर आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे सातच्या आठ केल्यास. पेन खाली ठेव. यांतली कोण कधीपासून आलीय, ते विचारलंस का?"

फटाफटनं घाईनं जुना गठ्ठा चाळला. चिठ्ठ्या निम्म्या फाटलेल्या, तारखा पाण्यानं पुसलेल्या. सुनेला आठवेना.

इतक्यात आजोबा बोलले. इतका वेळ मान खाली घालून बसलेला माणूस एकदम वैतागला. "अहो ताई, झाकणं कुठं टाकलीत माझी?"

"पिशवीत. का हो?"

"का काय? घड्याळ दुरुस्त केलं, की झाकणाच्या आतल्या बाजूला आम्ही तारीख कोरतो. पुढच्या कारागिराला कळावं, कुणी, केव्हा हात लावला ते. सवय आहे ती. गोळी सुरू झाली त्या दिवशीची तारीख आत आहे. आणि हे असे ढीग काय घातलेत? सुटे भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मांडायचे असतात. असा भाजीबाजार मांडलात तर घड्याळ जन्मात जुळायचं नाही!"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मॅडमचे डोळे मात्र लुकलुकायला लागले. त्यांनी आपलं भिंग फटाफटच्या हातात दिलं. "घे. आजचे मास्तर हे आहेत. ते सांगतील तसं कर."

फटाफटनं सातही झाकणं उलटी केली. आत सुईच्या टोकानं कोरलेले बारीक आकडे, शेवटच्या झाकणांवर वेडेवाकडे. आजोबा एकेक डबी ओळखून सांगत गेले तशा गोळ्या आपापल्या डब्यांत परत गेल्या आणि डब्या माझ्यावर तारखेनं एका ओळीत बसल्या. साखरेची सर्वांत जुनी. मग रक्तदाबाची. त्यानंतर दोन महिन्यांनी लघवीची.

"ही का दिली होती?" फटाफटनं विचारलं. पहिल्यांदाच तिनं प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली.

"पाय सुजायचे," सून म्हणाली.

"आधी सुजायचे?"

"नाही बाई. त्या रक्तदाबाच्या गोळीनंतरच."

फटाफटचं बोट पुढच्या डबीवर गेलं. "मग लघवीची गोळी सुरू झाल्यावर चक्कर यायला लागली?"

"उठलं की डोळ्यांपुढं अंधारी," आजोबा म्हणाले.

"म्हणून ही चक्करेची. आणि हिच्यानंतर..." तिनं भिंगातून तारीख पुन्हा पाहिली. "हिच्यानंतर पाच महिन्यांनी थरथरीची. मॅडम! चक्करेच्या या गोळीनं हात थरथरतात काही जणांचे. अंग ताठ होतं. मला पाठ होतं हे! परीक्षेत लिहिलंय मी!"

"पाठ होतंच," मॅडम म्हणाल्या. "आज दिसलं. पुढे?"

"थरथरीच्या गोळीनं पोट साफ होईना, म्हणून पोटाची. एकीनं दुसरीला बोलावलं, दुसरीनं तिसरीला."

"आणि ताकदीची?"

सून लाजली. "ती आमच्या शेजारच्यांनी दिली. चांगली असते म्हणाले."

"टवक्यात!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला आणि आजोबांच्या त्या थिजलेल्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं. अर्धंच होतं, पण होतं.

एका मुलानं विचारलं, "म्हणजे आधीच्या डॉक्टरांनी चूक केली?" मॅडमनी लगेच हात वर केला. "प्रत्येकानं आपल्यापुढची एक तक्रार पाहिली आणि ती बरी करायची धडपड केली. सगळ्या डब्या एका ओळीत कुणाला दिसल्याच नाहीत. उद्या तुम्हीही घाईत हेच कराल. म्हणून तर हा ट्रे आहे." माझ्याकडे बोट करून म्हणाल्या हो! त्या तपासणीच्या बाईंनंतरची ही माझी सर्वांत मोठी शाबासकी.

मग मॅडमनी आजोबांना नीट समजावलं. एकदम काही बंद करायचं नाही, घरी जाऊन स्वतःच्या मनानं तर मुळीच नाही. रक्तदाबाची गोळी बदलायची, बाकीच्या एकेक करून, तपासत तपासत कमी करायच्या. फटाफटनं त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, सगळ्या तारखा वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "असं ओळीनं कुणी सांगितलंच नव्हतं मला. पाठवा, दोघं मिळून बघू."

"हात परत येतील माझे?" आजोबांनी विचारलं. सून एक पाऊल पुढे सरकली.

"खात्री देत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण आशा चांगली आहे. वेळ लागेल." आणि फटाफटला म्हणाल्या, "लिही चिठ्ठी. आता सावकाश."

त्या दिवशी फटाफटला चिठ्ठी लिहायला पाऊण तास लागला. सगळ्यांत खाली मॅडमनी स्वतः एक ओळ लिहिली: "दुकानाची चावी तीन महिने कुणालाही देऊ नये." सुनेनं ती ओळ दोनदा वाचली, डोळे पुसले आणि चिठ्ठी पर्समध्ये जपून ठेवली.

त्यानंतर फटाफट रोज माझ्यापाशी यायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. वर्गातलं ते घड्याळ सहा वर्षं सव्वाचारलाच अडकलेलं. मुलं म्हणायची, आपल्याकडे कायम चहाची वेळ! पण फटाफटला त्या विनोदाचं हसू येईना. महिना गेला, दोन गेले. आजोबा तपासणीला त्यांच्या डॉक्टरांकडे जायचे, बातमी तुटक यायची. "जरा बरं आहे." "चक्कर गेली." हातांचं कुणी बोलत नव्हतं, आणि मीसुद्धा काळजीत होतो.

तीन महिन्यांनी दार उघडलं. आजोबा आले ते तरातरा चालत. सून मागून म्हणत होती, "अहो बाबा, दमानं!" त्यांनी पिशवीतून दोन डब्या काढून माझ्यावर ठेवल्या. साखरेची आणि रक्तदाबाची नवी. बस्स, दोनच! मग कुणाला काही न विचारता ते खुर्चीवर चढले, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि ते माझ्यावरच उघडलं.

एकेक स्क्रू, एकेक चाक. मोहरीएवढे तुकडे माझ्यावर क्रमानं बसत गेले. मधेच एक चाक उजेडात बघायला आजोबा पुढे झुकले आणि डावा हात त्यांनी माझ्या काठावर टेकवला. तोच काठ, तोच हात. सगळा वर्ग जवळ सरकला. मी चकार शब्द काढला नाही.

"ऐकलंस?" मॅडमनी फटाफटला विचारलं.

"काय मॅडम? काहीच ऐकू आलं नाही."

"तेच तर!"

फटाफटनं माझ्याकडे पाहिलं, आजोबांच्या हाताकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत रडत हसायला लागली. सून तर केव्हाचीच रडत होती. आजोबांनी घड्याळ जुळवलं, झाकणाच्या आत त्या दिवशीची तारीख कोरली आणि ते भिंतीवर चढवलं. वर्गातला चहाचा मुक्काम सहा वर्षांनी हलला.

मित्रांनो, मी लोखंडाचा असलो तरी माझी एक विनंती ऐका. तुमच्या घरीही एखादी पिशवी असेल, आजोबांची, आजीची, कुणाचीही. ती एकदा पांढऱ्या ताटात ओतायला सांगा आणि त्यांच्या शेजारी बसा. कोण केव्हापासून आहे, ते कागदावर लिहा. आपल्या मनानं एकही गोळी टाकू नका, एकही वाढवू नका. तो कागद आणि पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर कधी रागावत नाही.

आणि हो, झाकणं टाकू नका.