तीन टनांची सोयरीक

पेठच्या रूपचंदशेठनी जन्मात बटाटा चाखला नव्हता, आणि जन्मभर ते बटाट्यावरच जगले होते. जमिनीखाली वाढलेलं जैनाच्या ताटात येत नाही. पण सातगाव पठारावर राहायचं आणि बटाट्याकडे पाठ फिरवायची, तर मग दुकान कशाचं मांडायचं? वडिलांनी आडत केली, रूपचंदशेठनी कारखाना काढला. बटाटा वाफेवर सोलायचा, उकडायचा, वाळवायचा आणि त्याचे पांढरे पापुद्रे पोत्यांत भरून मुंबईच्या फरसाणवाल्यांना पाठवायचे. माल कसा उतरलाय हे बघायला बॉयलरवरच्या भिमाजीला बोलवायचं. भिमाजी चिमूटभर तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "शेठ, आज जरा कच्चा लागतोय." शेठ गंभीरपणे मान हलवायचे, जसा काही त्यांनाही लागला होता.

सगळं चालायचं वाफेवर, आणि वाफ यायची एका म्हाताऱ्या बॉयलरमधून. फेब्रुवारीत तपासणीला आलेल्या साहेबांनी आतल्या नळ्यांवर हातोडीने ठोकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "शेठ, यंदा सही करतो. पुढच्या वर्षी या नळ्या पास व्हायच्या नाहीत. नवा बघून ठेवा."

नवा बघायचं काम रिद्धीने आधीच सुरू केलं होतं. शेठना दोन मुलं. मुलगा अरिहंत बंगळूरला. त्याला बटाटा आवडायचा, कारखाना नाही. मुलगी रिद्धीचं उलटं. पुण्यात अन्नप्रक्रियेचं शिकून ती परत आली आणि कारखान्यात बसायला लागली. मागच्या हंगामात तिने बॉयलरच्या पाण्याला मीटर लावलं आणि जळणाची प्रत्येक पाटी वजन करून आत सोडायला लावली. जळण म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या, ज्यांना इकडे पांढरा कोळसा म्हणतात.

"ताई, बॉयलरची पत्रिका जुळवताय काय?" भिमाजी म्हणाला.

"जुळवतेय काका. याचं कारखान्याशी पटतंय का बघते."

तिचा निष्कर्ष सोपा होता. कारखान्याला तासाला जास्तीत जास्त दीड टन वाफ लागते. तेवढाच बॉयलर घ्यायचा, त्याहून मोठा नको. आणि वाफ थंड झाल्यावर जे गरम पाणी मोरीतून ओढ्याला जातं, ते पाइप टाकून परत बॉयलरमध्ये घ्यायचं. मग पांढरा कोळसा एवढा कमी लागेल की पाच वर्षांत बॉयलरची किंमत त्यातच निघेल. पुण्याच्या एका विक्रेत्याचा बॉयलर तिने पसंत केला. रूपचंदशेठनी त्या विक्रेत्याला तीनदा पेठला बोलवून तीनदा भाव खाली आणला होता. चौथ्यांदा बोलवायचा विचार होता. रस्त्यावरची मेथीची जुडीसुद्धा पहिल्या भावाने घेतली तर त्यांना त्या दिवशी भूक लागायची नाही.

आणि तेवढ्यात रिद्धीचं लग्न ठरलं.

मुलगा जुन्नरचा, संयम नावाचा. समाजाच्या परिचय मेळाव्यात दोघं भेटली. रिद्धीने याआधी चार स्थळं नको असलेल्या कोटेशनसारखी बाजूला ठेवली होती, म्हणून शेठनी फारशी आशा धरली नव्हती. पण एके दुपारी त्यांनी तिला पांढऱ्या कोळशाच्या ढिगाआड फोनवर हसताना पाहिलं. चेहऱ्याला काळं लागलेलं होतं, केस विस्कटलेले, आणि हसतेय. असं हसताना त्यांनी तिला शाळेनंतर पाहिलं नव्हतं. शेठ आल्या पावली मागे फिरले आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "सूरजबाई, हे जमलंच पाहिजे."

मुलाचे वडील झुंबरलालजी मोकळ्या स्वभावाचे, मोठ्याने बोलणारे. बोलणी झाली त्या दिवशी देण्याघेण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "छे छे! आपल्यात ते पाप. एक रुपया नको. मुलगी आणि नारळ!" सूरजबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या आठवड्यात झुंबरलालजी कारखाना बघायला आले. बॉयलरपाशी थांबले, पोटावर हात ठेवून हसले.

"काय राव व्याही, हा बॉयलर आहे का म्युझियम?"

"बदलायचाच आहे," रूपचंदशेठ म्हणाले. तोंडातून शब्द गेला तो गेलाच.

"बदलायचाय? मग मी काय मेलोय का? बॉयलरची एजन्सी आपल्या घरात आणि तुम्ही गावभर विचारत फिरताय!"

झुंबरलालजींच्या दुकानात मोटारी, पाइप, पंप मिळायचे हे शेठना माहीत होतं. बॉयलरही मिळायला लागलाय हे त्यांना त्या क्षणी कळलं. संध्याकाळी मोबाइलवर कोटेशन आलं. वर जय जिनेंद्र, शेवटी हात जोडलेले, आणि मध्ये तीन टनांचा बॉयलर. किंमत पाहून शेठनी चष्मा पुसला. खाली जीएसटी वेगळा. हुंड्यावर निदान जीएसटी लागत नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि आलं तसं त्यांनी ते गिळून टाकलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस शेठनी सुटायची धडपड केली. म्हणाले, बँक एवढं कर्ज देणार नाही. झुंबरलालजी म्हणाले, "हप्ते पाडू. घरचं आहे, व्याज कसलं?" म्हणाले, शेडमध्ये मावणार नाही. दुसऱ्या दिवशी झुंबरलालजींचा माणूस टेप घेऊन हजर, शेड कुठे वाढवायची ते खडूने आखूनही गेला. म्हणाले, आमच्या कामाला जरा मोठाच होतो. त्यावर झुंबरलालजी खो खो हसले. "अहो, धंदा वाढवायचा नाही का? माझा व्याही लहान बॉयलर घेतो म्हटल्यावर जुन्नरात मी तोंड कुठे दाखवू?" आणि वर स्वतःहूनच विचारलं, "किमतीत काही कमी करू का? सांगा तुम्ही, लाजू नका."

"नको नको," शेठ घाईने म्हणाले. "असू द्या." फोन ठेवल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला.

"भाव करून बघू का थोडा?" त्यांनी रात्री जेवताना सूरजबाईंना विचारलं.

"करा. म्हणजे म्हणतील, मुलीचा बाप घासाघीस करतो. सोयऱ्यांशीच करतो, तर बाकीच्यांना काय सोडणार?"

"मग परवडत नाही म्हणून सांगतो सरळ."

"सांगा की. म्हणजे म्हणतील, यांचा धंदाच चालत नाही, इथे कशाला सोयरीक?"

"आणि पुण्याचा घेतला तर?"

सूरजबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की शेठनी पुढची पोळी मागितली नाही.

भिमाजीला कारखान्यात सगळं आधी कळायचं. "घ्या की शेठ," तो म्हणाला. "घरात चार मानसं आन् भाकरीला लग्नाची चूल पेटवायची, येवढंच हाय. म्या टाकीन कांड्या. आपल्याला काय, लई उजेड पडंल."

हीच गोष्ट रिद्धीने नीट समजावून सांगितली. आपलं काम दीड टनाचं, बॉयलर तीन टनांचा. वाफ भराभर तयार होणार आणि पुढे घ्यायला कोणी नाही. मग जाळाला हवा देणारा पंखा आपोआप बंद होणार. पण आत टाकलेल्या कांड्या तर जळतच राहणार. ती धग धुराड्यातून वर. थोड्या वेळाने पंखा परत चालू, परत बंद. दिवसभर हेच. "आपण पठारावरच्या पाखरांना शेकोटी करून देणार, पप्पा."

"मग तूच सांग बाई, मी काय करू?"

रिद्धी म्हणाली, "रविवारी जुन्नरला जेवायला बोलवलंय ना त्यांनी? मी सांगते. मीटरचे आकडे आहेत माझ्याकडे. आकड्यांवर कोण रागावणार?"

शेठना एकदम हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाची लाजही वाटली, कारण हिशोबाचं जू त्यांनी मुलीच्या मानेवर ठेवलं होतं. पण लाज वाटते म्हणून त्यांनी ते उचलून घेतलं नाही.

झुंबरलालजींचं घर जुन्नरच्या बाजारपेठेत, खाली दुकान, वर घर. दाल-बाटीचा बेत होता. सूरजबाई स्वयंपाकघरात विहिणीबरोबर, बाहेर पाटावर दोन व्याही, संयम आणि रिद्धी. संयम सरळ मुलगा होता, बापापुढे कमी बोलणारा. रिद्धीने लॅपटॉपची बॅग भिंतीला टेकवून ठेवली होती. शेठचं अर्धं लक्ष त्या बॅगेकडे, अर्धं तुपाकडे.

"सूनबाई," झुंबरलालजी म्हणाले, "ऐकलं, तुम्ही म्हणे बॉयलरचा हिशोब काढलाय. छान! मी तर संयमला म्हटलं, बघ, मुलगी शिकलेली आहे, हिला गल्ल्यावर बसवायची. लग्नानंतर तुम्हा दोघांनाच सगळं बघायचंय. आता कंपनीचं कसं आहे, व्याही, दिवाळीच्या आत अजून एक मोठा बॉयलर गेला, की आंबेगाव-जुन्नरची एजन्सी संयमच्या स्वतंत्र नावावर होणार. मोठा म्हणजे तीन टनांचा. त्याच्या आतले ते लोक धरतच नाहीत. नाही झालं तर काय, आहेच बापाच्या हाताखाली, पगारावर." ते हसले. संयम हसला नाही. त्याने आधीच कुस्करलेली बाटी पुन्हा कुस्करायला घेतली.

"हं, बोला सूनबाई. काय म्हणतो तुमचा हिशोब?"

रिद्धीने हात धुतले, बॅग ओढली, लॅपटॉप उघडला. पडद्यावर तिचे रकाने दिसले, निळे, पिवळे. शेठना ते पाठ होते. कुठल्या रकान्यात दीड टन लिहिलंय हे ते दुरूनही सांगू शकले असते. रिद्धीने एकदा संयमकडे पाहिलं. तो ताटातच बघत होता, कान मात्र लाल झाले होते.

"आत्ताचा माल धरला तर दीड टन पुरतो," ती म्हणाली.

शेठनी श्वास रोखला.

"पण पुढची वाढ धरायला हवी. तीन बरोबर आहे." आणि तिने लॅपटॉप मिटला.

कुठली वाढ? मुंबईच्या दोन गिऱ्हाइकांनी मागच्या वर्षी माल निम्म्यावर आणला होता. त्यांची पत्रं रिद्धीनेच फायलीला लावली होती. शेठच्या जिभेवर शब्द आला. पण तो बोलायचा म्हणजे स्वतःच्या मुलीला तिच्या सासरी, तिच्या सासऱ्यासमोर खोटं पाडायचं. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. हिशोबात चूक सापडली की तिच्या भुवया जवळ यायच्या; आता त्या अगदी सपाट होत्या. चूक झालेली नव्हती. तिने फक्त कुठल्या घरचा नफा-तोटा धरायचा हे ठरवलं होतं. आणि त्याला चुकीचं तरी कसं म्हणायचं? लग्नानंतर तिला तिथेच राहायचं होतं. शेठना तिचा राग आला नाही. तिच्या जागी आपल्याला तरी हे वेळेवर सुचलं असतं का, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"वा!" झुंबरलालजींनी मांडीवर थाप मारली. "व्याही, बाप दीड म्हणतो आणि मुलगी तीन. मला अशीच सून पाहिजे होती!"

ऑर्डरचा कागद खाली दुकानात तयारच होता. रूपचंदशेठनी सही केली. विहिणीने लगेच त्यांच्या तोंडात मुगाच्या हलव्याचा मोठा घास घातला, त्यामुळे त्यांना पुढची काही मिनिटं बोलायची गरज पडली नाही.

परतताना गाडी रिद्धी चालवत होती. सूरजबाई मागे लवंडून झोपल्या होत्या. नारायणगाव गेलं, कळंब गेलं.

"वाढ कुठली धरलीस गं?" शेठनी समोर बघतच विचारलं.

"नाही धरली."

मग तीच पुढे म्हणाली, "दर हंगामाला जास्त जळेल ते मी काढलंय. लग्न साधं केलं ना पप्पा, तर पहिल्या दोन हंगामांचं निघतं. पुण्याचा हॉल नको, मंचरला करू. माणसं निम्मी. दोन दिवसांऐवजी एक."

शेठ सावरून बसले. महिन्याभरात पहिल्यांदाच काहीतरी हाताला लागलं होतं.

"एक दिवस बास झाला," ते म्हणाले. "आणि मिठाया चार-चार कशाला? एक पुरे."

"एक पुरे. कपडेही मी पुण्याहून नाही घेत."

"बँड?"

"बँड त्यांचा."

"हां, तो त्यांचा. वाजवू देत." दोघं हसली. मग फुलं कमी केली, पत्रिका मोबाइलवर पाठवायच्या ठरवल्या, संगीताचा कार्यक्रम घरच्या अंगणात आणला. मंचर येईपर्यंत बापलेकींनी लग्न एवढं आटोपशीर केलं होतं की शेठना बॉयलर जवळजवळ लहान वाटायला लागला.

आणि मग ते म्हणाले, "पण झुंबरलालजींना चालेल हे?"

गाडी हळू झाली. मागून एक टेम्पो हॉर्न देत होता.

"विचारावं लागेल," ती म्हणाली.

"कोण विचारणार?"

"संयमला सांगते, त्याने..." आणि ती थांबली. बापापुढे बाटी कुस्करणारा संयम दोघांनाही दिसला असावा.

"मी विचारू?" शेठ म्हणाले, आणि स्वतःच मान हलवली. "नको. राहू दे. पुण्याचाच हॉल बघू."

टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढेना. रिद्धीने गाडी डावीकडे घेतली आणि त्याला पुढे जाऊ दिलं.